विहिणीबरोबर अंटार्क्टिकाला निघताना

नेवार्कच्या विमानतळावर चेक-इनच्या रांगेत मला ती पाठमोरी दिसली. तिचा लाल कोट मी लगेच ओळखला. दोन वर्षांपूर्वी तो घ्यायला मीच तिच्याबरोबर गेले होते. गेला आठवडाभर मी घरात छातीठोकपणे सांगत होते की ती येणार नाही. तीही तिच्या घरी माझ्याबद्दल हेच सांगत असणार, कारण मागे वळून तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

ती माझी विहीण. म्हणजे होती. मुलांचा डिव्होर्स झाल्यावर विहिणीला काय म्हणायचं, हे मराठीत कुणी ठरवून ठेवलेलं नाही.

विहीण व्हायच्या कितीतरी आधीपासून ती माझी मैत्रीण होती. नेवार्कजवळच्या पार्सिपनीत आम्ही साधारण एकाच सुमाराला राहायला आलो. मी नागपूरची, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ती पुण्याची, एका विमा कंपनीच्या आयटी विभागात. तिची मुलगी आणि माझा मुलगा एकाच बसनं शाळेत जात. माझी रात्रपाळी असली की मुलगा तिच्याकडेच जेवायचा, तिथंच झोपायचा. पुढं दोघं मोठी झाली, वेगवेगळ्या गावी शिकली, परत आली आणि एक दिवस आमच्यासमोर बसून म्हणाली की आम्हाला लग्न करायचंय. त्या दिवशी आम्ही दोघी तिच्या किचनमध्ये जाऊन लहान मुलींसारख्या हसलो होतो. लग्न झालं, नात झाली. मग दोघांचं बिनसलं. का बिनसलं ते त्यांनी आम्हाला धड सांगितलं नाही, त्यामुळे आम्ही दोघींनी आपापलं कारण ठरवून टाकलं. तिच्या मते माझा मुलगा. माझ्या मते तिची मुलगी.

अंटार्क्टिकाला जायचं त्याआधीच ठरलं होतं. तिचे यजमान गेल्यावर ती फार एकटी पडली होती. माझ्या नवऱ्याला तळ्यातल्या होडीतही मळमळतं, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. मीच म्हटलं, आपण दोघी जाऊ. छोटी बोट, बर्फात उतरवणारी, दोघींना मिळून एक केबिन. बुकिंग झालं आणि सहा-आठ महिन्यांत मुलांचे वकील एकमेकांना पत्रं पाठवायला लागले. त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, चार बायकांच्या देखत ती म्हणाली, "काही लोकांनी मुलाला सगळं शिकवलं, फक्त घरात राहायला शिकवलं नाही." मीही ऐकून घेतलं नाही. मी म्हटलं, राहण्यासारखं घर असतं तर राहिला असता. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

नवरा म्हणाला, ट्रिप कॅन्सल कर. मी म्हटलं, मी का करू? पटत नसेल तर तिनं करावी. बोट भरलेली होती, वेगळी केबिन मिळत नव्हती. शेवटपर्यंत मी तिच्या माघारीची वाट पाहिली आणि ती माझ्या.

"या," ती रांगेतूनच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विचार बदलला असेल."

हे 'तुम्ही' नवीन होतं. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना अगं-तुगं करत आलो होतो. लग्नात मुलीकडच्या एका आत्याबाईंनी सुचवलं होतं की आता विहिणी झालात, अहो-जाहो करा, तेव्हा हिनंच ते उडवून लावलं होतं. आता तेच 'तुम्ही' ती इतक्या स्वच्छ उच्चारात वापरत होती की शिवी बरी वाटावी. मी म्हटलं, "नाही, मला बरंच काही सोसवतं. तुम्हाला माहीत नसेल." मग आम्ही काउंटरवर पोहोचलो. बुकिंग एकच होतं. काउंटरवरच्या बाईनं आम्ही एका घरातल्या आहोत असं समजून दोघींच्या बॅगा हिच्या नावावर टाकल्या. दोघींपैकी कुणीच तिला थांबवलं नाही, कारण थांबवायचं तर सगळं समजावून सांगावं लागलं असतं.

मायामीपर्यंतच्या विमानात आमच्या सीट शेजारी-शेजारी होत्या. बुकिंगच्या वेळी आम्हीच हौसेनं तशा मागून घेतल्या होत्या. ती खिडकीत, मी मध्ये, आणि माझ्या पलीकडे एक उंचापुरा अमेरिकन म्हातारा. विमान सुटायच्या आधी तिनं हवाई सुंदरीला बोलावून दुसरी सीट मिळेल का विचारलं. आवाज मुद्दाम खाली ठेवला नव्हता. जागा नव्हती. हवाई सुंदरीनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, आणि मी मासिकात डोकं घातलं.

अर्ध्या वाटेत तिनं डबा उघडला. दशम्या होत्या, लसणाची चटणी होती आणि डिंकाचे लाडू. प्रवासाला निघताना दशम्या तीच करायची, आणि त्या नेहमी दोघींच्या हिशेबानं असायच्या. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शांतपणे एक दशमी खाल्ली, बोटं पुसली, आणि मग माझ्यावरून हात लांबवून त्या अमेरिकन म्हाताऱ्याला लाडू दिला. त्यानं कौतुकानं तो खाल्ला आणि यात काय काय आहे विचारलं. ती त्याला डिंक म्हणजे काय ते सांगत राहिली, डोंगरातल्या झाडाचा असतो, थंडीत अंगाला चांगला असतो. सगळं बोलणं माझ्या नाकासमोरून. पान वाढून ठेवावं आणि पाहुण्याला बस म्हणू नये, तसला तो अपमान होता. मी हवाई सुंदरीकडून बिस्किटं मागून घेतली. फार भूक लागली होती. बिस्किटं दोन घासांत संपली.

मायामीला उतरलो तर टर्मिनलमध्ये गोंधळ. बॅगेचं वजन वाचवावं म्हणून मी बर्फाचे जाड बूट पायात घातले होते आणि जाकीट हातावर घेतलं होतं. आजूबाजूला सगळे चपला आणि अर्ध्या चड्ड्यांत. संध्याकाळी निघणारं आमचं ब्यूनस आयर्सचं विमान रद्द झालं होतं. काहीतरी यांत्रिक बिघाड. काउंटरपुढे लांबलचक रांग. आम्ही एकाच रांगेत उभ्या राहिलो, पण मध्ये माणूसभर जागा सोडून. दोघांनी त्या जागेत घुसायचा प्रयत्न केला.

आमची पाळी आली तेव्हा काउंटरवरचा तरुण दमलेला होता. त्यानं बराच वेळ स्क्रीन चाळली आणि सांगितलं की दुसऱ्या कंपनीच्या आज संध्याकाळच्या विमानात एक सीट आहे. एकच. दुसरीचं आत्ता काही सांगता येत नाही. उद्या मिळेल, कदाचित परवा. परवा म्हणजे बोट गेलेली. त्यानं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, तुम्ही आपसात ठरवा, पण फार वेळ लावू नका, मागे लोक आहेत, सीट जाईल.

आम्ही बाजूला झालो. तिथं कॉफीच्या दुकानाजवळ दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही बसलो नाही.

तिनं सुरुवात केली. म्हणाली की सरळ आहे, तिनं जावं. माझ्या घरी नवरा आहे, मी परत गेले तर कुणीतरी न्यायला येईल. ती परत गेली तर रिकाम्या घरात जाईल. मी म्हटलं, तुमचं घर कुठलं रिकामं? डिव्होर्सनंतर मुलगी तुमच्याकडेच राहायला आलीय, नात तुमच्याकडे आहे. आम्हाला ती पोर रविवारी दुपारपुरती दिसते. ती म्हणाली, रविवारी तरी दिसते ना, ते माझ्या मुलीच्या चांगुलपणामुळे. मी म्हटलं, चांगुलपणा कसला, कोर्टानं सांगितलंय म्हणून. असं बराच वेळ चाललं. आमचे आवाज वाढले नाहीत. आयुष्यभर ऑफिसांत आणि हॉस्पिटलांत काम केलेल्या आम्ही बायका, अगदी खालच्या पट्टीत एकमेकींना ओरबाडत होतो. कॉफीच्या दुकानातल्या मुलीला वाटलं असेल, दोन म्हाताऱ्या प्रवासाचं काहीतरी ठरवताहेत.

शेवटी मी म्हणाले, "तुमच्या मुलीनं माझ्या मुलाचा संसार मोडला. ती तुमच्या हातचं गरम जेवते. आणि तो जर्सी सिटीत त्या खोलीत एकटा कॅनमधलं सूप गरम करून खातो. तुम्हाला त्याचं काय?"

मग तिनं जे केलं त्याची मला अपेक्षा नव्हती. ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

"सूप?" ती म्हणाली. "अगं, तुझा मुलगा दर शनिवारी माझ्याकडे जेवतो. पोरीला न्यायला येतो आणि जेवून जातो. आमटी-भात. दोनदा भात मागून घेतो. तुला सांगितलं नाही त्यानं?"

इतक्या तासांत ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती, आणि ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

माझ्या घरापासून तिचं घर गाडीनं दहा मिनिटांवर. दर शनिवारी माझा मुलगा पार्सिपनीत येतो, तिच्या टेबलाशी बसतो, जेवतो आणि माझ्या घरावरून परत जातो. मी दर शनिवारी काय करते? उद्या तो नातीला घेऊन येणार म्हणून स्वयंपाकाची तयारी करते. रविवारी तो येतो तेव्हा म्हणतो, आई, फार भूक नाही.

मी फोन घेऊन दूर गेले, बाथरूमच्या बाहेरच्या कोपऱ्यात. मुलगा ऑफिसात होता. मी विमान रद्द झाल्याचं सांगितलंच नाही, सरळ विचारलं की तू शनिवारी तिच्याकडे जेवतोस का. तो मग म्हणाला, "आई, मी पोरीला तिथून पिकअप करतो. मावशी जेवायला वाढते. व्हॉट अ‍ॅम आय सपोज्ड टु से, नो?"

लग्नाच्या आधी तो तिला मावशी म्हणायचा. लग्नानंतरही तेच म्हणत राहिला, आणि डिव्होर्सनंतरही त्यानं ते सोडलेलं दिसत नव्हतं.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस?

"बिकॉज यू वुड हॅव मेड इट अ थिंग," तो म्हणाला. "आणि मी तुला कधी म्हटलं नव्हतं की तिच्याशी बोलू नको. दॅट वॉज यू, आई."

मी फोन ठेवला. वर्षभर मी या मुलाच्या बाजूनं उभी होते. मंडळात जाणं सोडलं होतं. जिथं ती येईल त्या घरच्या हळदीकुंकवाला, बारशाला गेले नव्हते. कुणी तिचं नाव काढलं की उठून पाणी प्यायला जात होते. आणि ज्याच्यासाठी हे केलं तो आमटी-भात खात होता. मला पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. मला राग आला. त्याचा, तिचा, आणि त्या वाढून दिलेल्या दुसऱ्या भाताचासुद्धा.

परत आले तर ती कॉफीच्या दुकानाजवळ नव्हती. काउंटरपाशी होती, हातात नवा बोर्डिंग पास. मी जवळ जाईपर्यंत तिनं तो पर्समध्ये टाकला नाही, लपवला नाही.

"मी घेतली सीट," ती म्हणाली. "तो तिसऱ्याला देत होता. दोघींची जाण्यापेक्षा एकीची तरी राहिली."

"मला विचारलं नाहीत."

"तुम्ही नव्हता." पुन्हा 'तुम्ही'. मग तिनं माझ्या हातातल्या पर्सकडे पाहिलं. "ब्लड प्रेशरच्या गोळ्या बरोबर आहेत ना? बॅगेत टाकल्या नाहीत ना?"

मी हो म्हटलं. कुठल्या गोळ्या, किती वर्षं, हे तिला सगळं ठाऊक होतं. ते तिनं विचारलं याचाच मला जास्त राग आला. सरळ निघून गेली असती तर तिचा नीट तिरस्कार करता आला असता. ती गेटच्या दिशेनं गेली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजवा पाय अजून जरा ओढतो. लाल कोट गर्दीत बराच वेळ दिसत राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही आणि मी हाक मारली नाही.

मग लक्षात आलं की माझी बॅगही तिच्याच नावावर आहे आणि तिच्याबरोबरच जाणार आहे. माझ्याजवळ उरलं ते पर्स, जाकीट आणि पायातले बर्फाचे बूट.

मी पुन्हा रांगेत उभी राहिले. या वेळी काउंटरवर एक वयस्कर बाई होती. तिला मी सांगितलं की माझी बोट सुटणार आहे. तिनं विचारलं, बरोबर कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही. तिनं बरीच फोनाफोनी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पनामामार्गे जाणारं विमान काढून दिलं. ब्यूनस आयर्सला पोहोचायला उशीर होणार होता, विश्रांतीचा दिवस जाणार होता, पण बोटीच्या कंपनीचं पुढचं विमान गाठता येणार होतं. मी तिचे आभार मानले. त्या दिवसात कुणाशी नीट बोलले असेन तर त्या बाईशीच.

हॉटेलच्या व्हॅनची वाट बघत बाहेर उभी राहिले तेव्हा ऊन तापलेलं होतं. त्या दमट हवेत बुटांच्या आत पाय भिजून गेले. शेजारच्या कुटुंबातला एक माणूस माझ्या बुटांकडे बघून हसत म्हणाला की मॅडम, इथं बर्फ पडायची शक्यता कमी आहे. एरवी मी हसले असते. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं बायकोकडे तोंड फिरवलं. खोलीत जाऊन मी बूट काढले, पाय बेसिनमध्ये धुतले आणि नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, परत ये, सोड ते. मी म्हटलं, आता तर जाणारच. त्याला वाटलं, मला अंटार्क्टिकाची ओढ लागली आहे. पेंग्विन, हिमनग, काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. ती तिकडे पोहोचणार आणि मी नाही, एवढंच मला सहन होत नव्हतं.

मुलाचा मेसेज आला होता. आर यू ओके, एवढाच. मी उत्तर दिलं नाही.

कंपनीच्या विमानात चढले तेव्हा ती पुढच्या रांगेत बसलेली दिसली, लाल कोट मांडीवर घेऊन. मी मागे जाऊन बसले. बोट जिथून सुटणार होती त्या दक्षिण टोकाच्या गावी उतरल्यावर ती बॅगांच्या पट्ट्याजवळ उभी होती, आणि माझी बॅग तिच्या शेजारी. ब्यूनस आयर्सला ती तिनंच सोडवून घेतली होती, हॉटेलवर नेली होती, पुन्हा चढवली होती. "फार जड आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "असेल." बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाजूंच्या खिडक्यांशी बसलो. बाहेर वारा इतका होता की धक्क्यावरचे लोक कलून चालत होते, आणि पाणी शिशाच्या रंगाचं होतं.

बोटीवर एका खलाशानं आम्हाला केबिन दाखवली आणि स्वागत असो म्हणून निघून गेला. केबिन छोटी, स्वच्छ, गोल खिडकीची. मधोमध दोन पलंग एकमेकांना चिकटवून, वरून एकच मोठी पांढरी चादर घालून, नवराबायकोसाठी करतात तसं अंथरूण केलेलं. उशांवर दोन चॉकलेटं शेजारी-शेजारी.

आम्ही दोघी दारात उभ्या राहून ते पाहत होतो. तिनं कोट काढून खुंटीला अडकवला. मी जाकीट काढलं. ती एका टोकाला गेली, मी दुसऱ्या. चादर आम्ही दोघींनी मिळून काढली आणि घडी केली, घडी करताना चार पावलं जवळ यावं लागतं, तेवढ्या आलो. मग तिनं तिच्या बाजूचा पलंग धरला, मी माझ्या बाजूचा, आणि पलंग जोडणारी खालची खिट्टी सापडेना म्हणून मी गुडघ्यावर बसून हात घातला. ती म्हणाली, डावीकडे असेल. डावीकडेच होती. मग आम्ही जोर लावून ते दोन्ही पलंग ओढले, अगदी आपापल्या बाजूच्या भिंतीला लागेपर्यंत.